उन्हाच्या वेळापत्रकावरची मोटार

पुण्यातली नोकरी सोडून सासरच्या पारनेरकडच्या दोन एकरांत आले, तेव्हा विजेचं माझं ज्ञान बटण दाबण्यापुरतं होतं. विहिरीवर वीजजोडणी नव्हतीच. शेजारचे नाना म्हणाले, "डीपीच्या नादी लागू नको सूनबाई. जळली की वर्गणी काढा, आन् वीज यायची ती रात्रीची. फेज आधी येती का बिबट्या, सांगता येत नाही."

म्हणून ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत अर्ज भरला. शेतकऱ्याचा वाटा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५. अडीच एकरांपर्यंत ३ एचपीचा पंप, पाच एकरांपर्यंत ५, त्यापुढे साडेसात. पंप ठरतो सातबारा बघून. पाणी किती खोल आहे हे सातबाऱ्यावर लिहिलेलं नसतं, हा भाग वेगळा.

वाट बघणं झालं, पॅनल बसले. दुसऱ्या दिवशी उजाडताच मी फावडं घेऊन कांद्याच्या वाफ्यांवर हजर. कंट्रोलरच्या पेटीवरचे आकडे सांगत होते की मोटार फिरतेय. पाइपातून मात्र थेंब नाही. फिटरला फोन लावला.

"ताई, ऊन कुठंय अजून?"

"पण मोटार फिरतेय की!"

"फिरंल. पाणी वर चढाया नको का?"

कोडं सुटायला बरेच दिवस गेले. पंपाचा वेग निम्मा झाला की पाणी उचलायची उंची निम्मी होत नाही, पाव होते. त्यामुळे ढग आला की धार बारीक होते आणि एका टप्प्याला थांबतेच. मोटार बिचारी विहिरीत नुसतं पाणी घुसळत बसते. नानांच्या मोटारीला वीज असते किंवा नसते. माझ्याकडे या दोहोंच्या मध्ये बऱ्याच गोष्टी आहेत. दारं धरताना मी वाफ्याकडे कमी आणि आभाळाकडे जास्त बघते.

बांधावरच्या लिंबानेही असाच चकवा दिला. दुपारी त्याच्या एका फांदीची सावली कडेच्या पॅनलवर यायची. एकाचं नुकसान म्हणून मी सोडून दिलं. पण पॅनल एकामागोमाग एक माळेत जोडलेले असतात. एकावर सावली पडली की सगळ्या माळेचा जोर उतरतो. फांदी छाटली. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत.

मे महिन्याने तर गणितच उलटं केलं. एवढं रणरणतं ऊन, आता पाणी धो धो येणार अशी माझी समजूत. पण पॅनलला उजेड हवा असतो, उष्णता नको. तापलेल्या काचेखाली वीज कमी बनते. माघातली निरभ्र, गार दुपार जास्त देऊन जाते. त्यात विहिरीचं पाणी तळाला गेलेलं, म्हणजे चढण वाढलेली. वर धुळीचा थर. पाण्यासाठी लावलेले पॅनल पाण्यानेच धुवायचे, तेही सकाळी काच गार असताना.

बॅटरी घेऊन वीज साठवावी का? किंमत ऐकून तो विचार सोडला. नानांनी तोडगा सांगितला, "वीज कशाला साठवती, पाणी साठव." आता ऊन असेल तेव्हा पाणी वरच्या अंगाच्या शेततळ्यात पडतं आणि तिथून मला हवं तेव्हा उताराने वाफ्यांत येतं. तळ्याने काही गुंठे खाल्ले, त्यात अंथरायच्या कागदाला पैसे लागले, उन्हाळ्यात थोडं पाणी हवेत उडूनही जातं. तरी रात्री बॅटरी घेऊन बांधावर जायचं टळलं. गावातल्या बायकांना मी हीच गोष्ट आधी सांगते, अनुदान नंतर.

खटकतं ते पावसाळ्यात. पिकाला पाणी नको असतं, उघडीप मिळते, लख्ख ऊन पडतं आणि पॅनल नुसते उभे. त्यावर कडबाकुट्टी चालेल का, असं फिटरला विचारलं. तो म्हणाला, "चालंल, पण कंट्रोलर वेगळा लागतो. ह्या पेटीला हात लावू नका, वॉरंटी जाईल." त्या वेगळ्या कंट्रोलरचा भाव अजून त्याने कळवलेला नाही.