माझी कुर्ली

आमचे घर खाडीच्या काठी आहे. माझे आजोबा कांदळीतल्या बिळांतून कुर्ल्या काढतात. गेल्या श्रावणात त्यांनी एक मोठा नर आणला. त्याने पोटाखाली एक लहान मादी घट्ट धरली होती. ती सुटायला बघत नव्हती, पण मला वाटलं तो तिला मारतोय. मला तिची फार दया आली.

आजोबा म्हणाले, "दोघांका एकत्रच ठेय गो." पण ते चहाला गेले तेव्हा मी काठीने दोघांना वेगळं केलं. मादीला खाडीच्या पाण्याच्या टबात ठेवलं. नराचे डेंगे आजोबांनी सुतळीने बांधले आणि त्याला घमेल्यात ठेवलं.

घमेल्यात पाणी कमी होतं म्हणून मी टबातलं दोन तांबे पाणी त्यात ओतलं. तर काय गंमत! गप्प बसलेला नर एकदम पायांवर उंच झाला आणि घमेलंभर चाचपडू लागला. मी घाबरून मागे सरले.

सकाळी टबात दोन कुर्ल्या! एक हलत नव्हती. मी रडायला लागले. आजोबा म्हणाले, "ती मेलली नाय. तिना कात टाकल्यान." खरंच ते नुसतं रिकामं कवच होतं, पाठीमागून उघडलेलं. डोळ्यांची टोपणंसुद्धा त्यात होती! नवी कुर्ली त्याहून मोठी होती आणि ओल्या चामड्यासारखी मऊ. जुन्या कवचाच्या पोटावरची पट्टी त्रिकोणी होती, नवीची रुंद आणि गोल झाली होती.

तिला एकटं वाटेल म्हणून शाळेत येताना मी काकांची एक कुर्ली टबात सोडली.

घरी गेले तर टबात नुसते तुकडे होते. माझी कुर्ली दुसरीने खाल्ली होती. मऊ असल्यामुळे तिला पळता आलं नाही, चावताही आलं नाही. आजोबा ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "तो तिका मारी नाय होतो गो, राखी होतो." त्या रात्री आईने नराचं सार केलं. मी जेवले नाही.

मी बाईंना सगळं सांगितलं. बाई म्हणाल्या, खेकड्याच्या डोळ्यांच्या देठात एक रस तयार होतो, तो कात टाकणं थांबवून धरतो. तो कमी झाला की कात टाकायचा दुसरा रस वाढतो. मादीची वेळ जवळ आली की तिच्या लघवीतून पाण्यात खूण जाते. (इथे सगळा वर्ग हसला. खेकड्याची लघवी तोंडाजवळून, मिशांच्या बुडातून येते हे ऐकून तर जास्तच हसला.) नर ती खूण आपल्या बारीक मिशांनी ओळखतो, तिला शोधतो आणि ती मऊ असेपर्यंत धरून राखतो. आपल्या जाळ्यात तीन ठिपक्यांची कुर्ली येते ना, तिच्यावर रायन नावाच्या शास्त्रज्ञाने १९६६ साली हा प्रयोग केला होता. मादीचं नुसतं पाणी ओतलं तरी नर उठून शोधू लागत. मग त्याने मादीची लघवीची भोकं बंद केली, तेव्हा नर उठले नाहीत.

म्हणजे माझ्या दोन तांब्यांतून नराला तिचाच निरोप गेला होता, आणि त्याचे डेंगे तर बांधलेले होते.

ते रिकामं कवच मी वाळवून वर्गातल्या विज्ञान कोपऱ्यात ठेवलं आहे. पालकांनीही बघावं. फक्त हात लावू नये, एक पाय आधीच मोडला आहे.