उष्ण रात्रींची फुलं

टोमॅटोचं फूल वर बघत नाही. पाकळ्या मागे वळलेल्या, मान मातीकडे, आणि मधोमध पुंकेसरांचा निमुळता पिवळा सुळका. त्या सुळक्याच्या आत स्त्रीकेसर उभा असतो. परागासाठी त्याला कुणा दूरच्या फुलाची वाट पाहावी लागत नाही, सगळं एकाच घरात. एवढी जवळीक असूनही फळ धरू नये, याचं मला फार वाईट वाटतं.

मार्च-एप्रिलमध्ये पुण्यातल्या गच्च्यांवर हे हमखास दिसतं. रोपं कमरेएवढी झालेली, घोसांनी फुलं, आणि एके सकाळी कुंडीभोवती पिवळा सडा. पडलेलं फूल उचलून बघा. देठाच्या मध्यावर एक फुगीर सांधा असतो, बरोबर तिथूनच ते सुटलेलं असतं. वाऱ्यानं तोडलं असतं तर कुठेही तुटलं असतं. हे झाडानंच सोडून दिलेलं फूल आहे. शेजारच्या काकू विचारतात, “अगं, फुलं एवढी येतात, मग फळ का धरत नाही? खत कमी पडतंय का?”

खत बहुधा जास्तच झालेलं असतं. नत्र वाढलं की पानं काळपट हिरवी होतात, शेंडे जोमानं धावतात आणि शेतकरी म्हणतो, झाड माजलं. पाण्याची ओढ बसली, ऊन कमी मिळालं, तरी फुलगळ होते. पण खत-पाणी-ऊन सगळं नीट सांभाळूनही उन्हाळ्यात फूल गळतं, तेव्हा कारण रात्रीत शोधावं लागतं.

फ्रिट्स वेंट हा मूळचा डच वनस्पतिशास्त्रज्ञ. कॅलिफोर्नियात त्यानं टोमॅटोची झाडं तापमान हवं तसं राखता येणाऱ्या खोल्यांत वाढवली आणि १९४४ साली निष्कर्ष मांडला: भरपूर फळ धरायचं तर रात्र साधारण १५ ते २० अंशांची हवी. पुढच्या संशोधकांनी दिवस-रात्रीच्या सरासरीवरही भर दिला, आणि तेही खरं आहे. दुपार पस्तिशीच्या वर गेली की झाड सोसतच असतं. पण गार रात्रीचं महत्त्व त्यामुळे कमी होत नाही. या झाडाचे रानटी पूर्वज दक्षिण अमेरिकेतल्या अँडीजच्या पश्चिम उतारांवरचे. तिथे सूर्य मावळला की हवा उतरते. फार थंडीही त्याला नको असते. पारा दहाच्या खाली गेला तरी पराग काम करत नाही. त्याला हवा तो मधला, अंगावर पातळ चादर घ्यावीशी वाटणारा गारवा.

मला सर्वांत चटका लावते ती या इजेची वेळ. पराग फूल उमलल्यावर तयार होत नाही, मिटलेल्या कळीत आधीच घडत असतो. उमलण्याच्या साधारण आठ ते तेरा दिवस आधीचा काळ त्यात फार नाजूक. तेव्हा उकाड्याच्या रात्री लागल्या की पराग पोकळ निघतात, रुजत नाहीत. आज तेजस्वी पिवळं दिसणारं फूल गेल्या आठवड्यातच आतून हरलेलं असतं. कधी उष्णतेनं स्त्रीकेसर लांबतो आणि त्याचं टोक सुळक्याच्या बाहेर येतं. मग घरातला पराग घरातच राहतो. हवा फार दमट असेल तर परागाचे गोळे होतात. मुंबईत मे महिन्यात पहाटेही पारा २७च्या आसपास असतो, वर समुद्राचा दमटपणा. तिथल्या खिडकीतल्या रोपाकडून मी त्या दिवसांत फळ मागणार नाही.

आणि पराग चांगला असला तरी त्याला हलवावं लागतं. सुळक्याच्या आतल्या फटींतून तो थरथरीनंच झडतो. मोकळ्या शेतात वारा पुष्कळ काम करतो, बाकीचं भुंगे. मधमाशीला हे जमत नाही, शिवाय या फुलात मधही नाही. काळा भुंगा आणि निळ्या पट्ट्यांची माशी मात्र फुलाला बिलगून पंख न हलवता छातीचे स्नायू कंपवतात. तो बारीक झंकार कानाला ऐकू येतो. युरोपातल्या काचघरांत वारा नाही, म्हणून माणसं हातात कंप देणारी यंत्रं घेऊन घोसाघोसापाशी फिरत. १९८०च्या दशकात बेल्जियममधल्या रोलांड दे योंगे या पशुवैद्यानं तिथल्या केसाळ भुंग्यांकडून हे काम करून घेतलं आणि ती यंत्रं मागे पडली.

आपले भुंगे वाळलेल्या लाकडात आणि बांबूत घर करतात, निळ्या पट्ट्यांची माशी उघड्या मातीत. सोसायटीत सगळीकडे पेव्हर ब्लॉक, वाळकी फांदी दिसली की लगेच तोडलेली. दिवसभर तापलेलं तेच काँक्रीट रात्रभर ऊब सोडत राहतं. आपण त्या फुलाची गार रात्रही नेली आणि झंकारही, असं मला मनापासून वाटतं. आवाराच्या एका कोपऱ्यात हातभर माती उघडी ठेवावी, जुना बांबू भिंतीला तसाच टेकून राहू द्यावा, एवढं मी बैठकीत दरवेळी सांगते.

काकूंना सांगितलं, रोपं सप्टेंबरअखेरीस लावा, म्हणजे फुलं नोव्हेंबरात येतील, तेव्हा पुण्यात रात्री पंधराच्या आसपास असतात. आत्ताची झाडंही उपटू नका. वळवाचा पाऊस पडून चार रात्री निवल्या तरी लगेच उमलणारी फुलं उकाड्यातच घडलेली असतात, ती गळतील. त्यानंतर आठ-दहा दिवसांनी उमलणाऱ्या घोसांकडे लक्ष ठेवा. त्या दिवसांत खत घालू नका, पाणी सकाळी द्या, आणि ऊन चढायच्या आत घोसाच्या देठावर बोटानं हलकी टिचकी मारा. सुळक्यातून पिवळी भुकटी झडताना दिसली, तर पराग मोकळा होतोय असं समजा.