हायडनने दाद दिली ते घर

व्हिएन्नाला येणारा पर्यटक सेंट स्टीफन कॅथेड्रलसमोर उभा राहतो, मान वर करकरून त्याचा मनोरा पाहतो, फोटो काढतो आणि खरेदीच्या रस्त्याला लागतो. कॅथेड्रलच्या मागच्या बाजूला मात्र फार थोडे वळतात. तिथे दोन-तीन मिनिटांच्या अंतरावर डोमगास्से नावाची अरुंद गल्ली आहे. ‘डोम’ म्हणजे कॅथेड्रल आणि ‘गास्से’ म्हणजे गल्ली. आपल्या भाषेत देवळामागची आळीच म्हणा ना!

या आळीतल्या ५ क्रमांकाच्या घरात सप्टेंबर १७८४ ते एप्रिल १७८७ या काळात मोत्झार्टचे बिऱ्हाड होते. ‘फिगारोचे लग्न’ हा त्याचा गाजलेला ऑपेरा इथेच लिहिला गेला, म्हणून घराला ‘फिगारो हाऊस’ असेही नाव पडले. पण संगीताच्या इतिहासात या घराचे महत्त्व आणखी एका संध्याकाळमुळे आहे. त्या संध्याकाळी एका तरुण संगीतकाराने आपले नवे काम एका जाणत्याच्या कानावर घातले होते.

ते काम होते स्ट्रिंग क्वार्टेटचे. दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो अशा चार तंतुवाद्यांसाठी लिहिलेली रचना म्हणजे स्ट्रिंग क्वार्टेट. तिचे बहुधा चार भाग असतात. ऑर्केस्ट्राच्या गदारोळात एखादी उणीव झाकून जाते. इथे चारच वाद्ये, त्यामुळे प्रत्येक स्वर उघडा पडतो. चौघे जण गप्पा मारताहेत, एकाचा शब्द दुसरा उचलतो आहे, तिसरा त्याला छेद देतो आहे, असे हे संगीत. त्याला खरे रूप दिले ते योसेफ हायडनने. त्याने १७८१ मध्ये सहा क्वार्टेट पुरे केले आणि ती अगदी नव्या पद्धतीने लिहिल्याचे स्वतःच सांगितले.

मोत्झार्टने १७७३ मध्ये, सतराव्या वर्षी, हायडनच्या वळणावर क्वार्टेट लिहून पाहिले होते. त्यानंतर जवळजवळ दहा वर्षे तो या प्रकाराकडे फिरकला नाही. हायडनची नवी रचना आली आणि त्याने पुन्हा लेखणी उचलली. ३१ डिसेंबर १७८२ रोजी पहिले क्वार्टेट पूर्ण झाले. सहावे पूर्ण व्हायला १४ जानेवारी १७८५ उजाडला. मोत्झार्ट म्हणजे एकही खाडाखोड न करता झरझर लिहिणारा, असे सगळीकडे सांगितले जाते. या सहा क्वार्टेटची हस्तलिखिते लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. ती पाहिली तर चित्र वेगळे दिसते. ओळी खोडलेल्या, तुकडे बदललेले! इतके कष्ट त्याने क्वचितच दुसऱ्या कशावर घेतले असतील.

आता ती संध्याकाळ. १२ फेब्रुवारी १७८५, शनिवार. मोत्झार्टचे वडील लिओपोल्ड आदल्याच दिवशी साल्झबुर्गहून येऊन पोहोचले होते. मुलावर त्यांचा रोष होता. चार वर्षांपूर्वी त्याने आर्चबिशपची नोकरी सोडली होती आणि पुढच्या वर्षी वडिलांच्या मनाविरुद्ध लग्न केले होते. याच सेंट स्टीफन कॅथेड्रलमध्ये! नोकरी नाही, संसार मांडलेला, आणि घराचे भाडे वर्षाला ४६० गुल्डन. मुलाचे कसे चालले आहे, हे बापाला डोळ्यांनी पाहायचे होते.

त्या संध्याकाळी हायडन घरी आला. बरोबर टिंटी नावाचे दोन सरदार होते. सहापैकी शेवटची तीन क्वार्टेट वाजवली गेली. हायडन तेव्हा बावन्न वर्षांचा, युरोपभर नावाजलेला. मोत्झार्ट जेमतेम एकोणतीसचा. आपल्याकडे पुढच्या रांगेत बुजुर्ग गवई येऊन बसला, की तरुण गायकाचा सूर आपोआप सावध होतो, तशीच ही बैठक. त्यातून प्रकार हायडनने घडवलेला. त्याला यात उणे दिसले असते, तर वर दाद कोणाकडे मागायची?

वादन संपल्यावर हायडन लिओपोल्डकडे वळला. देवाला साक्ष ठेवून आणि प्रामाणिक माणूस म्हणून सांगतो, आपल्याला ठाऊक असलेल्या संगीतकारांत तुमचा मुलगा सर्वांत थोर आहे. त्याला रुची आहे आणि रचनेचे सखोल ज्ञानही आहे, अशा अर्थाचे तो बोलला. चारच दिवसांनी लिओपोल्डने मुलीला लिहिलेल्या पत्रात हे सारे आले आणि म्हणून ते आज जगाला माहीत आहे. ज्याच्याकडून मत्सराचीच अपेक्षा असते, त्या समव्यावसायिकाने वडिलांच्या तोंडावर दिलेला हा निर्वाळा होता!

बाजारात मात्र वेगळा अनुभव आला. आर्टारिया या प्रकाशकाने या सहा क्वार्टेटसाठी १०० डुकाट, म्हणजे ४५० गुल्डन दिले. घराच्या वर्षाच्या भाड्याला दहा गुल्डन कमी! पण अनेकांना हे संगीत फार अवघड वाटले. एका समीक्षकाला तर त्यात मसाला जास्त झाल्यासारखे वाटले. शेवटच्या क्वार्टेटच्या पहिल्या भागाची सुरुवात इतकी विसंवादी, की पुढच्या शतकात फेतीस नावाच्या विद्वानाने ती चक्क ‘दुरुस्त’ करून दाखवली. मोत्झार्टने तसे लिहिले आहे, म्हणजे त्याला काही कारण असणारच, असे हायडन म्हणाला होता, अशी आख्यायिका आहे. तरुण बीथोव्हेनने पाचव्या क्वार्टेटचा शेवटचा भाग स्वतःच्या हाताने उतरवून काढला आणि त्यातून धडे घेतले.

मोत्झार्टने ही सहाही क्वार्टेट हायडनलाच अर्पण केली. १ सप्टेंबर १७८५ या तारखेच्या अर्पणपत्रिकेत तो त्यांना आपली मुले म्हणतो. दीर्घ कष्टांचे हे फळ आहे, बापाच्या मायेने जे दोष दिसले नसतील ते आपण पोटात घालावेत, अशी विनंती करतो. दाद मिळाल्यानंतरही दोषांची आठवण ठेवणारा हा नम्रपणा!

या घराचे २००६ मध्ये नव्याने सजवलेले संग्रहालय झाले. पाहणारा आधी वरच्या मजल्यांवर जातो आणि मग खाली मोत्झार्टच्या पहिल्या मजल्यावरच्या बिऱ्हाडात येतो. चार मोठ्या खोल्या, दोन लहान आणि स्वयंपाकघर. मोत्झार्टचे सामानसुमान इथे उरलेले नाही. त्या काळातल्या वस्तू मांडल्या आहेत. एका खोलीचे गिलाव्याच्या नक्षीचे छत मात्र त्याच्याही आधीचे आहे.

हे घर पाहून झाले, की कॅथेड्रलजवळून यू-३ ही मेट्रो पकडून झीग्लरगास्सेला उतरावे. तिथून जवळच हायडनगास्सेमध्ये १९ क्रमांकाचे घर आहे. १७९७ पासून हायडन इथे राहिला आणि ३१ मे १८०९ रोजी इथेच वारला. मोत्झार्ट डिसेंबर १७९१ मध्ये, पस्तिसाव्या वर्षी गेला, तेव्हा हायडन लंडनमध्ये होता. बातमी कळून तो सुन्न झाला. मोत्झार्टच्या मुलाला आपण विनामोबदला शिकवू, असे त्याने कळवले.

हायडनचे अखेरचे क्वार्टेट अपुरेच राहिले. दोन भाग झाले आणि म्हाताऱ्या हातांनी पुढचे लिहवेना. ते दोनच भाग त्याने १८०६ मध्ये तसेच छापू दिले. या दोन घरांमध्ये मेट्रोची चारच स्थानके आहेत. वेळ काढून दोन्ही पाहावीत.