टक्क्यांत मोजलेली कादंबरी

सध्या मी एका कादंबरीच्या ३७ टक्क्यांवर आहे. पूर्वी ‘अर्ध्यावर आलेय’ म्हणायचे, नाहीतर ‘थोडीच पानं राहिलीत, मग जेवायला वाढते’. या नव्या ई-रीडरवर अक्षर मोठं केलं की पानं वाढतात, लहान केलं की घटतात. म्हणून कोपऱ्यात टक्के दिसतात. नोकरी बँकेत झाली, व्याजाचे टक्के जन्मभर मोजले. निवृत्तीनंतर कादंबऱ्यांचेही मोजावे लागतील असं वाटलं नव्हतं.

यंत्र घेण्यामागे तत्त्व वगैरे काही नव्हतं, डोळे आणि माळा होता. जुन्या पुस्तकांचा बारीक टाइप आता लागत नाही. डोंबिवलीच्या आमच्या दोन खोल्यांत पुस्तकं कपाटातून दिवाणाखाली आणि तिथून माळ्यावर सरकत गेली, आणि एका पावसाळ्यात माळ्यावरच्या खोक्यांना वाळवी लागली. भाचा म्हणाला, “मावशी, आता पुरे झालं. हे घे, यात हजारो पुस्तकं मावतात.” मावतात खरी. कोणती मावतात, ते नंतर कळलं.

पडद्याचं मात्र कौतुकच करायला हवं. मोबाइलसारखा तो डोळ्यांत खुपत नाही. भाच्याने समजावलं ते असं : आत केसाच्या जाडीच्या असंख्य कुप्या, प्रत्येकीत काळे आणि पांढरे कण, एकांवर धन भार, दुसऱ्यांवर ऋण. विजेचा इशारा मिळाला की हवे ते कण वर येतात आणि तिथेच बसून राहतात. म्हणजे वीज खर्च होते ती पान उलटताना. उलटलेलं पान तसंच ठेवायला लागत नाही. मधूनच पान काळंठिक्कर पडून परत उजळतं. पहिल्यांदा झालं तेव्हा मी थेट फोन लावला. “अगं मावशी, मागच्या पानाची सावली पुसतंय ते. बिघडलेलं नाही.”

इंग्रजी कादंबरी या यंत्रात शहाण्या मुलासारखी वागते. गोंधळ सुरू होतो तो मराठीपाशी. विकत घेतलेल्या एका पुस्तकात ‘दुसऱ्या’च्या जागी ‘दुसर्या’ असं रफार चढवलेलं, जोडाक्षरांचे पाय मोडून खाली लटकलेले. वाचताना जिभेला ठेच लागते. कारण मजेशीर आहे. आपल्याकडे वर्षानुवर्षं पुस्तकं डीटीपीच्या ज्या फाँटांत जुळवली गेली ते युनिकोड नव्हते. कागदावर ‘क’ दिसला की काम झालं. संगणकाच्या लेखी ते भलतंच अक्षर असे. आता त्याच फायली रूपांतरित करताना अक्षरं सांडतात, आणि ती पुन्हा वेचायला मुद्रितशोधक बसवायचा तर खर्च येतो.

म्हणून मग जुन्या पुस्तकांचे स्कॅन. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी त्याच्या हयातीत छापलेलं लेखन खुलं होतं. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यामुळे ‘श्यामची आई’ २०११पासून कोणीही छापावी, कोणीही उतरवून घ्यावी. हरिभाऊ आपटे तर १९१९चे. केतकरांच्या ज्ञानकोशाचे २३ खंड आयुष्यात एकदा तरी घरात असावेत असं मला वाटायचं. ते आता इंटरनेटवर आहेत, आणि वाळवी तिथवर पोचत नाही. या एका गोष्टीसाठी मी यंत्राचे हजार गुन्हे माफ करीन.

पण स्कॅन म्हणजे पानाचा फोटो. तो सहा इंची पडद्यावर आला की अक्षर मूळ पुस्तकाहून बारीक होतं. मोठं करावं तर अर्धी ओळ पडद्याबाहेर. ती ओढून आणेपर्यंत वाक्याची सुरुवात विसरायला होतं. ज्या डोळ्यांसाठी हे घेतलं त्यांची सोय इंग्रजीत झाली, मराठीत नाही.

तरी हे स्कॅन मला आवडतात. त्यांवर कुठल्याशा वाचनालयाचा जांभळा शिक्का असतो, कोणीतरी समासात पेन्सिलीने लेखकाशी भांडलेलं असतं, एका पानावर तर स्कॅन करणाऱ्याचा अंगठाच आला होता. हरिभाऊंचं ‘पण लक्षात कोण घेतो!’ मी असंच वाचलं. ते आधी ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः येत होतं. म्हणजे त्या वाचकांच्या हातात पुस्तकाची जाडी नव्हतीच. अजून किती उरलंय हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि टक्केही नव्हते. हे लक्षात आल्यावर मी टक्क्यांचा आकडा लपवून ठेवायला शिकले. (अधूनमधून काढून बघते, ते सोडा.)

विकतच्या ई-पुस्तकाचं दुखणं वेगळं. ते आपलं असतं की आपल्याला वाचू दिलेलं असतं? २००९ साली ॲमेझॉनने ऑर्वेलच्या ‘१९८४’च्या प्रती, विकणाऱ्याकडे हक्क नव्हते म्हणून, लोकांच्या किंडलमधून दुरूनच पुसून टाकल्या होत्या. पैसे परत दिले, पुढे माफीही मागितली. तरी पुस्तकाचं नाव बघा! माझ्या माळ्यावरचं पुस्तक न्यायला निदान कोणाला तरी शिडी लावावी लागेल.

आणि समोरच्या वहिनी. आमच्या दोन दारांमध्ये गेली कित्येक वर्षं पुस्तकांची ये-जा आहे. माझ्याकडचे दिवाळी अंक त्यांच्या घरी होळीपर्यंत असतात. परवा त्यांनी विचारलं, “ताई, सध्या काय चाललंय? झालं की मला द्या.” द्यायचं काय? पुस्तक माझ्या खात्याला बांधलेलं. यंत्रच द्यावं तर माझं बाकीचं वाचन थांबतं. पासवर्ड द्यावा तर निम्मं नोकरीचं आयुष्य लोकांना पासवर्ड कोणाला देऊ नका असं सांगण्यात गेलंय.

वहिनींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, “त्यापेक्षा छापील मागवा ना. पैसे निम्मे निम्मे.”

मागवलंय. मी आधीच एकदा पूर्ण पैसे भरलेत, हे त्यांना सांगितलेलं नाही. वाचून झाल्यावर ते कोणाच्या कपाटात राहणार, यावर मात्र जिन्यात अजून बोलणी चालू आहेत.