फिरण्याचे प्रकार

आमच्या शाखेत माझ्या इंग्रजीला मान आहे. माझं इंग्रजी चांगलं आहे म्हणून नव्हे, तर बाकीच्यांना स्वतःच्या इंग्रजीची त्याहून कमी खात्री आहे म्हणून. बी. कॉम.ला इंग्रजी पत्रव्यवहाराच्या पेपरात मला ५८ मार्क होते, ही बातमी मीच एकदा चहाच्या वेळी फोडली. तेव्हापासून रजेचे अर्ज, बदलीचे अर्ज, बदली रद्द करण्याचे अर्ज हा सगळा माल माझ्या टेबलावरून जातो.

या कीर्तीला पहिला तडा कॅशमधल्या एका मित्रामुळे गेला. तीन वर्षं तो एकाच खिडकीत बसून कंटाळला होता आणि त्याला दुसरं टेबल हवं होतं. मी झोकात लिहून दिलं, "आय मे काइंडली बी रिव्हॉल्व्ह्ड." साहेबांनी अर्ज वाचला, खुर्चीसकट एकदा गर्रकन फिरले आणि म्हणाले, "रिव्हॉल्व्ह ही खुर्ची होते. माणसं रोटेट होतात." मित्र अजून त्याच खिडकीत आहे आणि ते माझ्या क्रियापदामुळे, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो.

त्यामुळे परवा संध्याकाळी सातवीतल्या कन्येने वही पुढे करून "बाबा, पृथ्वी रोटेट होते की रिव्हॉल्व्ह?" असं विचारलं, तेव्हा जुनी जखम ठणकली. पण या वेळी पुस्तकात नियमच दिला होता. स्वतःभोवती फिरणं म्हणजे रोटेट, दुसऱ्याभोवती फिरणं म्हणजे रिव्हॉल्व्ह. आमच्या वेळी भूगोलात याला परिवलन आणि परिभ्रमण म्हणत आणि मी दर परीक्षेत त्यांची अदलाबदल करीत असे.

"सोपं आहे," मी म्हणालो, "चोवीस तासांत स्वतःभोवती ते रोटेट. ३६५ दिवसांत सूर्याभोवती ते रिव्हॉल्व्ह. साहेब रोटेट होतात, आम्ही साहेबांभोवती रिव्हॉल्व्ह होतो."

"मग रिव्हॉल्व्हिंग चेअर? ती तर स्वतःभोवतीच फिरते."

मी चष्मा पुसायला घेतला.

"आणि रिव्हॉल्व्हर? त्यातलं गोळ्यांचं चाकसुद्धा स्वतःभोवतीच फिरतं."

हल्ली मुलांना मालिकांमधून फारच ज्ञान मिळतं. मला आठवली ती आमच्या वडिलांची लाँगप्ले तबकडी. जागच्या जागी स्वतःभोवती फिरायची, पण तिच्यावर छापलेलं असायचं ३३ पूर्णांक एक तृतीयांश आर.पी.एम., म्हणजे मिनिटाला तेवढ्या 'रेव्होल्यूशन्स'. डोक्यावरच्या पंख्याचंही तेच. इंग्रजांनी नियम ग्रहताऱ्यांसाठी केला आणि घरातल्या सामानाला विचारायचं विसरले, अशी माझी समजूत आहे. त्यात स्पिन आणि टर्न वेगळेच. चेंडू हवेत स्पिन होतो, पण टप्पा पडल्यावर टर्न होईलच असं नाही. म्हणजे फिरतो पण वळत नाही. आमच्या घरात जसं कळतं पण वळत नाही.

"त्यापेक्षा आपली मराठी बघ," मी पवित्रा बदलला. "एक फिरणं घेतलं की काम झालं. पंखा फिरतो, दिवस फिरतात, डोकं फिरतं, दिलेला शब्द फिरतो. रिटायर्ड मंडळी नाकासमोर सरळ चालत जातात, तरी फिरायलाच जातात. एकच शब्द. कटकट नाही."

"एकच कसा?" कॉटवरून आईचा आवाज आला.

आई महिनाभर चक्कर येते म्हणून पडून होती. तिचा आवाज आला की माझ्या पोटात गोळा यायचा, कारण आमचे वडील असेच एका सकाळी चहा पिता पिता गेले होते. डॉक्टर अमराठी, तेव्हा दुभाषा मी. आई म्हणाली, "चक्कर येते." मी माझे ५८ मार्क पणाला लावून म्हणालो, "शी फेन्ट्स." डॉक्टर एकदम गंभीर झाले. मग कार्डिओग्राम, रक्त, चोवीस तास छातीला बांधायचं यंत्र, असं सगळं झालं. सगळं नॉर्मल निघालं. बिल सोडून.

"भोवळ वेगळी," आई सांगत होती. "भोवळ आली की डोळ्यांपुढे अंधारी येते, माणूस मटकन खाली बसतं. ती मला उपासाच्या दिवशी उन्हात येते. हे ते नव्हे. हे गरगरतं. मी जागच्या जागी असते आणि कूस बदलली की खोली माझ्याभोवती गरगरते. वीस आकडे मोजेपर्यंत थांबते."

"आई, अगं हे डॉक्टरांना का नाही सांगितलंस?"

"सांगितलं की. पुढे तू इंग्रजीत काय सांगितलंस, ते तुला माहीत."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी पुन्हा दवाखान्यात. "डॉक्टर, शी डझन्ट फेन्ट. द रूम..." आणि इथे मी अडकलो. खोली दुसऱ्याभोवती फिरते, म्हणजे नियमाने रिव्हॉल्व्ह. पण फिरते ती भासापुरती. भासाला कुठलं क्रियापद?

"स्पिन्स?" डॉक्टरच म्हणाले. "व्हेन शी टर्न्स इन बेड?"

एका दमात दोन्ही क्रियापदं, दोन्ही बरोबर. त्यांनी लगेच कानाच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली.

कानाच्या डॉक्टरांनी आईचं डोकं एका अंगाला वळवून तिला झटकन आडवं केलं आणि तिच्या डोळ्यांकडे पाहत राहिले. बुबुळं हिसके देत होती. आईने माझं मनगट असं धरलं की बांगडीचा वळ उठला. कानाच्या आत तीन अर्धगोल नळ्या असतात, डॉक्टर सांगू लागले. शेजारचे चुन्याचे बारीक कण सुटून त्यांतल्या एका नळीत शिरले की डोकं हलवताना तेही घरंगळतात, आणि मेंदूला वाटतं की आपण फिरतो आहोत. यावर औषध म्हणजे डोकं ठरावीक क्रमाने फिरवून ते कण परत जागी पाठवायचे. ही रीत एप्ली नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९९२ साली प्रसिद्ध केली. पाच-सात मिनिटांचं काम. मी महिनाभर हृदयाचे फोटो काढत होतो.

आमच्या ब्लॉकच्या गॅलरीत तुळशीभोवती फिरायला जागा नाही. म्हणून आई कुंडीपुढे उभी राहून स्वतःभोवतीच फिरते आणि त्याला प्रदक्षिणा म्हणते. महिनाभर तेही बंद होतं. दोन दिवसांनी सकाळी ती पाण्याचा तांब्या घेऊन गॅलरीत आली. मी दाढी अर्धी टाकून मागे जाऊन उभा राहिलो.

"बाबा," कन्या ब्रश तोंडात धरून म्हणाली, "आजी तुळशीला प्रदक्षिणा घालते, पण फिरते स्वतःभोवती. मग हे रोटेट की रिव्हॉल्व्ह?"

"गप्प," मी म्हणालो, "मोजू दे."

एक झाली. दुसरी झाली. तिसरीला आईने कठड्याला हात लावला, जरा थांबली, आणि पुरी केली.