नाणेघाटाची जकात

शहापूरला आम्ही गेलो होतो ते कार्यालयाच्या कामाला. दोन दिवसांची हिशेबतपासणी शनिवारी संध्याकाळी आटोपली. रविवारी सकाळी आसनगावला जाऊन मुकाट्याने मुंबईची लोकल धरावी, असा सज्जन बेत होता. पण चहा घेताना आमच्यातला धाकटा कारकून (हा इतिहासाचा नादिष्ट!) म्हणाला, "इथवर आलोच आहोत, तर नाणेघाट चढून पुणे जिल्ह्यात पाय ठेवून येऊ या का?" झाले! किन्हवलीवरून सरळगावला जाणारी एस.टी. समोर उभीच होती. घरी काय सांगायचे, हे गाडीत बसल्यावर आठवले.

आम्ही चौघे. चौथे म्हणजे आमचे रोखपाल अण्णा. माझी बढती झाल्यापासून सहा महिने ते माझ्याशी बोलत नव्हते. काही निरोप असला तर शिपायाच्या तोंडी. ती जागा खरे तर त्यांची होती. हे मला ठाऊक होते, आणि मला ठाऊक आहे हे त्यांनाही.

दसरा नुकताच झाला होता. हळव्या भाताची कापणी कुठे कुठे सुरू झालेली. सरळगावला कल्याण-नगर रस्ता लागतो. तिथे माळशेजकडची गाडी पकडून टोकावडे, वैशाखरे मागे टाकले आणि घाटाच्या पायथ्याशी उतरलो. वर 'नानाचा अंगठा' नावाचा प्रचंड कडा आभाळात घुसलेला. अण्णांनी एकदा त्याच्याकडे आणि एकदा आपल्या गुडघ्यांकडे पाहिले.

वाट आधी रानातून जाते, मग दगडी पायऱ्या लागतात. कल्याण-सोपाऱ्याचा माल दोन हजार वर्षांपूर्वी याच वाटेने जुन्नर-पैठणला जाई. आम्हांला मात्र रिकाम्या हातांनीच धाप लागली होती. डोक्यावर तांदळाचे गाठोडे घेतलेली एक म्हातारी आम्हांला सहज मागे टाकून गेली. आमच्या इतिहासकारांनी तिला विचारले, "आजी, जिल्ह्याची हद्द कुठे लागते हो?"

"हद्द कसली? वर घाटघरात लेकीचं घर लागतं," असे म्हणून ती दिसेनाशी झाली.

अण्णा मध्येच बसले. बाकीचे दोघे पुढे निघून गेले. त्यामुळे मला थांबणे भाग पडले. मी पाण्याची बाटली पुढे केली. त्यांनी ती घेतली, प्यायले, परत दिली. शब्द नाही.

माथ्याच्या अलीकडे ती प्रसिद्ध लेणी आहे. सातवाहन राजघराण्यातील व्यक्तींच्या मूर्ती इथे होत्या. नावे राहिली आहेत, मूर्ती गेल्या. बाजूच्या भिंतींवर राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे, कार्षापण यांची मोजदाद त्यात अंकांनी लिहिली आहे. एक आकडा २४,४०० कार्षापणांचा. वीस हजारांना एक खूण, चार हजारांना दुसरी, चारशेला तिसरी. शून्य नाहीच.

"शून्य नाही?" अण्णा एकदम म्हणाले. "मग बेरीज मारायची कशी?" बोलता बोलता ते माझ्याकडे वळले होते. पुन्हा भिंतीकडे पाहत म्हणाले, "राणीचे नाव आहे. एवढी रक्कम मोजणाऱ्याचे कुठेच नाही."

मी म्हणालो, "अण्णा, ती जागा तुमची होती."

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे सहा महिन्यांपूर्वी म्हणायचे होतेत." आणि गुडघ्यांवर हात टेकून उठले.

पुढची अरुंद नळी चढलो की वारा अंगावर येतो. ठाणे जिल्हा खाली राहिला; आपण जुन्नर तालुक्यात. समोर जीवधन किल्ला. वाटेच्या कडेला एक मोठा दगडी रांजण आहे. पूर्वी व्यापारी जकातीची नाणी यात टाकत, असे सांगतात. अण्णांनी खिसा चाचपला, दहाचे नाणे काढले आणि रांजणात टाकले. "पावती?" कारकुनाने विचारले. सगळे हसले, अण्णासुद्धा.

उतरताना मात्र माझेच गुडघे बोलू लागले. मुरबाडला पोचेपर्यंत अंधार पडला होता आणि घरी जे ऐकायचे ते ऐकलेच.

सोमवारी माझ्या टेबलावर अण्णांच्या मोत्यांसारख्या अक्षरातली चिठ्ठी होती: 'जकात, इसम दोन, रुपये दहा. पैकी आपणाकडून येणे रुपये पाच.'

ते पाच रुपये मी अजून दिलेले नाहीत. अण्णा दर पगाराच्या दिवशी ते मागायला स्वतः येतात.