देवयानीचा निळा रंग

माधवगंजातील आमच्या घराच्या गच्चीवरून पूर्वी आकाशगंगेचा पट्टा स्पष्ट दिसत असे, असे आमचे वडील, नाना, सांगतात. आता आश्विन अमावास्येसही तो दिसत नाही. चंद्र नसला तरी साऱ्या लष्करभर दिवे असतात, आणि त्यांवर फटाक्यांचा धूर. म्हणून दीर्घिकांची छायाचित्रे घेण्याचे आमचे व्यसन आम्हांस शहराबाहेर, तिघरा धरणाच्या बाजूस नेते. प्रपंची माणसाने थंडीच्या रात्री दुर्बीण, बॅटरी व चहाचा थर्मास घेऊन शेताच्या बांधावर बसावे, यास घरात काय म्हणतात ते येथे लिहीत नाही.

गेल्या वर्षी कार्तिकात आम्ही देवयानी दीर्घिकेचे चित्र घेतले. देवयानी, शेजारी शर्मिष्ठा, आणि जवळच ययाती! ज्याने कोणी ही नावे योजिली, त्याने महाभारतातील एक घरगुती भांडण आकाशात कायमचे मांडून ठेवले आहे. दीर्घिका पंचवीस लक्ष प्रकाशवर्षे दूर. नुसत्या डोळ्यांस कापसाच्या पुसट बोळ्याएवढी, परंतु छायाचित्रात तिची लांबी सहा पूर्णचंद्र ओळीने मांडावेत एवढी भरते.

आमचा कॅमेरा रंग जाणत नाही. त्यास केवळ उजेड कळतो. त्याच्यापुढे एका चकतीत चार फिल्टर बसविलेले असतात. पहिला ल्युमिनन्सचा. तो डोळ्यांस दिसणारा सर्व प्रकाश आत सोडतो आणि अवरक्त व जंबुपार किरण तेवढे अडवितो. उरलेले तीन तांबडा, हिरवा व निळा. मनुष्याच्या डोळ्यास बारकावा उजेडाच्या फरकाने कळतो, रंगाच्या फरकाने फारसा नाही. म्हणून पहिल्या फिल्टरमधून तीन-तीन मिनिटांची साठ चित्रे घेतली, आणि रंगांच्या फिल्टरांतून वीस-वीस. दोन रात्रींत सहा तासांचा प्रकाश गोळा झाला. तो संगणकावर एकावर एक रचला, तेव्हा धुळीच्या काळ्या रेषा व सर्पिल बाहू उमटले. तीन फिल्टरांतून तीन चित्रे घेऊन ती एकत्र करण्याची युक्ती मॅक्सवेलने 1861 सालीच दाखविली होती.

ग्वाल्हेरकर म्हणून एक योगायोग सांगितल्यावाचून राहवत नाही. उज्जैनच्या जुन्या वेधशाळेचा जीर्णोद्धार येथील माधवराव महाराज शिंद्यांनी 1923 साली करविला. आणि त्याच साली माउंट विल्सनवर हबलला देवयानीत तो रूपविकारी तारा सापडला, ज्याच्यामुळे ती आपल्या आकाशगंगेच्या पुष्कळ पलीकडली ठरली.

असो. आकार जमला, रंग जमेना. तिन्ही रंगांचे प्रमाण किती धरावे? आम्ही नानांस विचारले. त्यांची हयात चंदेरी साड्यांच्या दुकानात गेली. दोन पोपटी छटांतला भेद ते दुरून सांगत. नाना म्हणाले, "मधला भाग ठीक आहे रे, पण कडेचा निळा फार फिका. वाढव." आम्ही वाढविला. "अजून." पुन्हा वाढविला. बाहूंत तरुण, तप्त तारे असतात, ते निळे दिसावयाचेच, अशी आम्हीही मनाची समजूत घातली. रामनवमीच्या उत्सवात ते चित्र देवळाच्या सभामंडपात लागले. लोकांनी वाखाणले. आम्हांस सुख झाले, हे लपवीत नाही.

श्रावणात नानांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. पट्टी सुटल्यावर ते देवळात गेले आणि चित्रापुढे थबकले.

"हे एवढं निळं कुणी केलं रे?"

मग त्यांनी एक डोळा झाकला, दुसरा झाकला, आणि स्वतःच हसू लागले. मोतीबिंदूने डोळ्याचे भिंग पिवळसर होते व निळा प्रकाश अडवू लागते, हे आम्हांस पुस्तकातून ठाऊक होते. नानांच्या डोळ्यापुढे वर्षानुवर्षे एक पिवळा फिल्टर होता, आणि त्याची भरपाई आम्ही देवयानीकडून करून घेत होतो! चूक त्यांची नव्हे. ज्याची नजर आयुष्यभर मानली, तीस आता वय झाले आहे, हे मानण्याचे आम्ही टाळले; आणि चार माणसांची शाबासकी मिळाल्यावर तर ते पाहण्याची गरजच वाटली नाही.

चित्र त्याच दिवशी उतरविले. पुजाऱ्यांस कारण सांगताना जीभ अडखळली. त्यांस वाटले, काच फुटली असेल.

यंदाच्या कार्तिकात पुन्हा बांधावर गेलो. ल्युमिनन्सची चित्रे जुनीच ठेविली, त्यांत खोट नव्हती. रंगांची मात्र पुन्हा घेतली. या वेळी सूर्याच्या जातीचा एक तारा निवडला, देवयानीइतक्याच उंचीवर असताना त्याची चित्रे तिन्ही फिल्टरांतून घेतली, आणि त्याचा प्रकाश पांढरा भरेल असे प्रमाण धरून तेच दीर्घिकेस लावले. मध्यभागी वृद्ध ताऱ्यांचा पिवळसर रंग आला. बाहूंवर निळ्याची केवळ झाक आली, आणि कोठे कोठे हायड्रोजनचे गुलाबी ठिपके. पहिल्या चित्राच्या मानाने अगदी साधे.

नानांनी ते उजव्या डोळ्याने पाहिले, मग डाव्या डोळ्याने पाहिले. डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया पौषात ठरली आहे. तोवर चित्र देवळात लावू नये, असे त्यांचे सांगणे आहे.